न फवारलेल्या चार ओळी कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेती पानावरची यशोगाथा मी न चुकता वाचतो. गेल्या आठवड्यातली आमच्याच भागातली होती. एका शेतकऱ्याने कपाशीवर कुठलंसं संजीवक, म्हणजे पीक वाढवणारं म्हणून विकलं जाणारं औषध, तीनदा फवारलं, त्याला एकरी १४ क्विंटल कापूस झाला आणि गावात बाकीच्यांना ६ च्या आसपास, असा मजकूर. मथळा होता, 'संजीवकाने केली किमया'. सोबत फोटो. पऱ्हाटीत उभे गृहस्थ, हातात बाटली, आणि बाटलीचं लेबल बरोब्बर वाचकाकडे वळवलेलं.

१४ क्विंटलबद्दल मला शंका नाही. माणूस कष्टाळू दिसतो, आणि एवढं पीक आमच्याकडे चांगल्या रानात निघतं. माझी हरकत आहे ती १४ उणे ६ बरोबर ८, आणि हे आठही क्विंटल बाटलीतून निघाले, या हिशेबाला.

कारण उरलेली हकिकत आपल्याच बातमीच्या खालच्या अर्ध्या भागात आहे. शेत नाल्याकाठचं, काळं, कसदार. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. ठिबक आहे. वर्षाआड शेणखत पडतं. पेरणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उरकली, निंदणाला मजूर आधीच बोलून ठेवले होते, आणि सप्टेंबरात पावसाने ताण दिला तेव्हा दोन पाणी देता आली. ज्यांना ६ क्विंटल झाला त्यांची रानं कुठे आहेत? बरडावर, मुरमाड, आभाळाच्या भरवशावर. संजीवक बाजूला ठेवलं तरी ही दोन शेतं एका मापाने मोजता येत नाहीत.

मी कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ यवतमाळ जिल्ह्यात गेला, त्यामुळे असल्या बाटल्या शेतात कशा पोचतात हे जवळून पाहिलं आहे. ऑगस्टमध्ये पाते लागायला लागलं की शेतकरी कृषी केंद्रात जातो. ज्याची पऱ्हाटी कमरेला लागली आहे तो म्हणतो, यंदा पीक साधतंय, अजून हजार-दीड हजार घालू. ज्याची गुडघ्यालाही आली नाही तो म्हणतो, यात आता काय पैसे ओतायचे, आणि युरियाची एक गोणी उधारीवर घेऊन परत जातो. हंगाम संपला की कंपनीचा माणूस येऊन वही उघडतो: बाटली घेणाऱ्यांचं उत्पादन जास्त, न घेणाऱ्यांचं कमी. आकडे खोटे नाहीत. फक्त यातलं आधी काय घडलं, हे तो सांगत नाही. बऱ्याच शेतांत पीक चांगलं दिसत होतं म्हणून बाटली आली होती.

आपल्याकडे अशा वेळी पटकन म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. ते इथे लागू होत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. कावळ्याची गोष्ट एकदा घडते, योगायोगाची असते, शहाणा माणूस ती हसून सोडून देतो. संजीवक आणि जास्त उत्पादन यांची जोडी मात्र दरवर्षी, गावोगावी, खरोखरच सोबत दिसते. यंदा मोजा, पुढच्या साली मोजा, दिसेलच. हा सहसंबंध पक्का आहे. पण तो विहिरीतून, काळ्या मातीतून आणि वेळेवर हातात असलेल्या पैशातून आलेला आहे. तो पक्का आहे एवढ्यावरून बाटलीत गुण आहे हे सिद्ध होत नाही. नाही, असंही सिद्ध होत नाही. त्या बातमीवरून ते कळायला मार्गच नाही, एवढंच माझं म्हणणं.

पीक कापणी प्रयोगातला एक अनुभव सांगतो. गावाची सरासरी काढायची तर शेत आपल्या मर्जीने निवडायचं नसतं. आधी यादृच्छिक अंकांवरून सर्व्हे नंबर काढायचा. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, पुन्हा अंकांवरूनच, इतकी पावलं लांबीकडे, इतकी रुंदीकडे, आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंटी ठोकून दोरीने चौकोन आखायचा. आता पाय नेमका थांबला एका चिबडलेल्या खळग्यात, जिथे झाडं पिवळी आणि बोंडं मोजकी. शेतमालक अस्वस्थ. "साहेब, ह्या कोपऱ्यातली कायले घेता? तिकडं या ना, पऱ्हाटी पाहा कशी झाली!" विम्याचा विषय असला, म्हणजे सरासरी कमी आली तर भरपाई मिळणार असली, की हेच उलटं होतं: साहेब, तिकडली कायले घेता, ह्या खळग्यातली घ्या. दोन्ही वेळा उत्तर एकच, जिथे अंक सांगेल तिथे. दोरी हलवली की सरासरी माझी होते, गावाची राहत नाही.

या पद्धतीमागे एक मराठी माणूस आहे, हे आपल्या पानाने कधीतरी सांगायला हरकत नाही. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला गेले, परत येऊन १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत त्यांनी यादृच्छिक पीक कापणीची घडी बसवली, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. कापणीचा तुकडा केवढा घ्यावा यावरून त्यांचा दुसरे थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानाने कड जास्त, आणि कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात आपसूक आत वळतो. त्यात लबाडी नसते, भरलेलं झाड सोडवत नाही इतकंच. ज्याने ते कापणी करणारे हात पाहिले आहेत त्याला हे लगेच पटेल.

प्रयोगाची गोष्ट याच्या एक पाऊल पुढची. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे आणि त्यातली एक पट्टी आजतागायत खताविना ठेवली आहे. खताने काय मिळालं ते त्या उपाशी पट्टीशेजारी उभं राहिल्यावर कळतं. पण पट्ट्या शेजारी असल्या तरी जमीन वावभर अंतरावर बदलते, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कदाचित खताची पट्टीच मुळात बरी असेल. १९१९ मध्ये तिथे रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ आला आणि त्याने यावर तोड काढली: शेताचे अनेक तुकडे करा, आणि कुठल्या तुकड्याला खत द्यायचं ते माणसाने ठरवू नका, चिठ्ठीने ठरवा. मग ओलावा, कस, वाळवी, सावली, जे आपल्याला दिसतं आणि जे दिसत नाही, ते सगळं दोन्हींकडे सारखं वाटलं जाण्याची शक्यता. थोडा फरक नशिबाने उरतो, तो किती असू शकतो हेही मोजता येतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आजही प्रयोग असेच लावतात. आपल्या पानावर मात्र अजून १८४३ च्या आधीचा काळ चालू आहे.

हे फक्त बाटल्यांपुरतं असतं तर इतकं लांब पत्र लिहिलं नसतं. आमच्या भागाचं नशीब ज्या वादात वीस वर्षं घुसळलं गेलं, तो बीटी कापसाचा, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या वाणाचा वाद, दोन्ही बाजूंनी याच चुकीवर लढला गेला.

आधी समर्थकांचं घ्या. बीटी कपाशीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. २००२-०३ मध्ये देशाची उत्पादकता होती हेक्टरी ३०२ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), २००७-०८ मध्ये ५५४ किलो. सभासंमेलनांत हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की टाळ्या पडायच्या. पण मधली सालं पाहा. २००४-०५ मध्येच उत्पादकता ४७० वर गेली होती, म्हणजे ३०२ च्या दीडपटीहून जास्त. त्या साली परवानाधारक बीटीचं क्षेत्र होतं सुमारे ५ लाख हेक्टर, देशातल्या एकूण सुमारे ८८ लाखांपैकी. शंभरातले सहा एकर. आता कागद-पेन्सिल घ्या. त्या सहा एकरांत बीटीने पीक अगदी दुप्पट केलं असं धरलं, तरी शंभर एकरांची सरासरी वाढेल सहा टक्के. वाढली पंचावन्न टक्के. गुजरातेत बिनपरवाना बीटी बियाणंही बरंच होतं, ते हिशेबात धरून सहाचे पंधरा करा, तरीही भागत नाही. उरलेली वाढ दुसरीकडून आली असली पाहिजे.

कुठून? पहिलं म्हणजे २००२ हे दुष्काळाचं साल. त्या मोसमात देशात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी झाला. दुष्काळी सालापासून मोजायला सुरुवात केली की पुढचं काहीही यशस्वी दिसतं, मग ते बियाणं असो, सरकार असो की बाबा. दुसरं, त्याच सुमारास बोंडअळीवर नवी कीटकनाशकं आली. गुजरातेत सिंचन वाढलं. पुढे खतांचा वापर वाढला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती आणि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये ही मांडणी आकड्यांसकट केली. आणि बीटी जवळजवळ सगळ्या क्षेत्रावर पसरल्यानंतर उत्पादकता ५०० च्या आसपास घुटमळत राहिली आणि नंतर उतरली, हेही डोळ्यांआड करता येत नाही. महाराष्ट्र तर सगळा वेळ देशाच्या सरासरीच्या खालीच.

याचा अर्थ बीटीने काहीच केलं नाही असा मी घेत नाही. जोनास काठागे आणि मतीन कैम यांनी २००२ ते २००८ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या त्याच त्या शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा भेटून पाहणी केली. हुशार, सधन शेतकरी आधी बीटीकडे वळतो, त्यामुळे तुलना बिघडते, हे ओळखून त्यांनी एकाच शेतकऱ्याची बीटीआधीची आणि नंतरची सालं ताडून पाहिली. त्यांना एकरी २४ टक्के वाढ दिसली. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीचे फवारे कमी झाले हे मीही बांधावर उभं राहून पाहिलं आहे. तेव्हा २४ टक्क्यांवर भांडता येईल, भांडणारे भांडतातही. पण ३०२ चे ५५४ हे सगळं श्रेय एका जनुकाच्या नावावर मांडणं म्हणजे आपल्या यशोगाथेचीच देशभराची आवृत्ती.

आता विरोधकांचं. विदर्भात बीटी पसरलं आणि शेतकरी आत्महत्यांची चर्चा देशभर झाली, दोन्ही एकाच काळात. २००६ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पंतप्रधान येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले, आणि त्याच वर्षी बीटीचं क्षेत्र जवळपास तिप्पट झालं. दोन रेघा एका कागदावर काढल्या की बियाण्याने माणसं मारली असा निष्कर्ष तयार. पण तेव्हाच्या आंध्रातल्या वरंगळमध्ये कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी देश हादरला तो १९९७-९८ मध्ये. तेव्हा बीटीला परवानगीही नव्हती. आमच्याकडे बीटी पसरत होतं त्याच काळात सरकारची कापूस एकाधिकार खरेदी मोडीत निघत होती, भाव पडले होते, सहकारी सोसायट्या बुडत होत्या आणि सावकार मोकाट होता. कोरडवाहू रानात महागडं बियाणं घेऊन पाऊस दगा देतो तेव्हा कर्ज वाढतं, हे खरं आहे, आणि त्या वाटेने बियाण्याच्या किमतीचाही त्यात हात असणार. पण ती वाट दाखवून द्यावी लागते: कुठल्या रानात, कुठल्या साली, किती कर्जावर. दोन रेघा सोबत चढल्या एवढ्यावर भागत नाही. जे माझ्या बाजूचे म्हणवतात त्यांना हे आवडत नाही, माझा इलाज नाही.

यावर एक शंका मला गावातल्या एका तरुण पदवीधराने विचारली, आणि ती रास्त आहे. तो म्हणाला, काका, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे हे वाक्य कंपन्यांनाही पाठ आहे. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली तेव्हा कारणं सांगायची चढाओढ लागली होतीच की: हातमोजे घातले नाहीत, पऱ्हाटीच डोक्याएवढी वाढली होती, वारा उलटा होता. मग माणसांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग होईपर्यंत कारण म्हणायचंच नाही का?

त्याला मी फिशरचीच उत्तरार्धातली गोष्ट सांगितली. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांची विचारपूस केली. त्यात न ओढणारे निघाले २. दुसऱ्या आजारांच्या तितक्याच पुरुषांत निघाले २७. फिशर तोवर जगन्मान्य झाला होता. स्वतः चिलमीसारखा पाइप ओढणारा, पुढे तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागार. तो अडून बसला: हा नुसता सहसंबंध आहे. एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटही ओढायला लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. तर्क म्हणून चोख, अगदी माझ्या वरच्या विहिरीच्या मुद्द्यासारखाच. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला साध्या गणिताने उत्तर दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या गुणामुळे असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त सापडला पाहिजे. असा गुण दाखवा. कुणालाच दाखवता आला नाही. शिवाय जितकं ओढणं जास्त तितका धोका जास्त, सोडलं की कमी, आणि देश बदलला तरी तेच.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं, छुपं कारण असू शकेल एवढं म्हणून थांबायचं नाही. ते केवढं मोठं असावं लागेल, तेही विचारायचं. फवारणीच्या दिवशी शेतात चक्कर येऊन पडलेल्या आणि रक्तात विषाची खूण सापडलेल्या माणसाच्या बाबतीत दुसरं कारण शोधायला फार लांब जावं लागेल. संजीवकाच्या १४ विरुद्ध ६ मध्ये मात्र सव्वादोनपटीचा फरक आहे, आणि विहीर व काळी जमीन मिळून एवढा फरक आमच्या तालुक्यात दरवर्षी बाटलीविना पाडतात.

तेव्हा संपादक महोदय, विनंती साधी आहे. यशोगाथा जरूर छापा. पण आपला वार्ताहर शेतात जाईल तेव्हा त्याने एवढं विचारावं की न फवारलेल्या चार ओळी कुठे आहेत. नसतील तर उत्पादन छापा, किमया छापू नका. त्याच गावात तीच बाटली वापरून ५ क्विंटलवर राहिलेल्या माणसालाही एकदा गाठा, तो सापडेल, त्याच्याकडे फक्त कुणी फोटो काढायला जात नाही. आणि मजकूर कंपनीने पाठवलेला असेल तर वर 'जाहिरात' असं लिहिण्याची जुनी पद्धत चांगली होती.

माझ्याकडून एक प्रस्ताव. येत्या खरिपात दारव्हा तालुक्यातला कुणी शेतकरी एक एकर द्यायला तयार असेल तर प्रयोग लावून द्यायला मी येतो. एकराचे दहा तुकडे करायचे, मध्ये दोन-दोन ओळी सोडायच्या म्हणजे फवारा पलीकडे उडणार नाही. शाळेतल्या पोराच्या हातून पाच चिठ्ठ्या उचलायच्या. त्या पाचांत संजीवक, उरलेल्या पाचांत त्याच दिवशी त्याच पंपाने निव्वळ पाणी. कुठल्या तुकड्यात काय पडलं ते वेचणाऱ्या बायकांना सांगायचं नाही. प्रत्येक वेचणीला दहा गाठोडी वेगळी बांधावी लागतील, दहा वेळा काटा करावा लागेल, आणि त्यासाठी मजुरी थोडी जास्त मागतील, ती मी देईन. बाटल्यांचा खर्च कंपनीने करावा. आकडे जे येतील ते फरदडीआधी, म्हणजे जुन्याच पऱ्हाटीवर पुन्हा पीक धरण्याआधी, आपल्याकडे पाठवतो. संजीवकाच्या तुकड्यांत खरंच जास्त निघाला तर तोही तेवढ्याच मोठ्या टायपात छापा.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
दारव्हा, जि. यवतमाळ